खरा पास्ता कुठं खायचा? बोलोन्या ते येलदरी, शेवयांचा इतिहास

आजचा विषय खाण्याचा आहे, पण आपण जाणार इतिहासाच्या रस्त्यानं.

प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल. ऑफिसच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतोच : "या वीकेंडला पुण्यात आहे, अस्सल पारंपरिक इटालियन पास्ता कुठं मिळेल?" मग पाच-सहा हॉटेलांची नावं पडतात, कुणी रेटिंग टाकतं, कुणी म्हणतं तिथं पार्किंग नाही. पण पारंपरिक म्हणजे नक्की काय, हे कुणी विचारत नाही. आज आपण तेवढंच विचारू. आणि त्याचं उत्तर शोधत शोधत जिंतूर तालुक्यातल्या येलदरीला पोचू. हसू नका, खरंच पोचणार आहोत.

शहर बदललं की पास्ता बदलतो

आधी इटलीतली गोष्ट. तिथं 'इटालियन पास्ता' असा एक पदार्थ नाहीच. आपल्याकडं जसं कोल्हापूरचा रस्सा वेगळा, खानदेशातलं भरीत वेगळं, तसं तिथं शहरागणिक. रोममध्ये गेलात तर कार्बोनारा आणि काचो ए पेपे, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज आणि काळी मिरी, बस. जेनोआत तुळशीच्या जातीच्या पानांची पेस्तो चटणी लावलेले त्रोफिए. पालेर्मोत सार्डिन मासे घातलेला पास्ता. बारी शहरात ओरेक्येत्ते, म्हणजे 'छोटे कान'. जुन्या बारीत एक गल्लीच आहे, जिथं बाया दारात टेबल मांडून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर अंगठ्यानं हे कान वळतात. वळायचे, जाळीवर वाळवायचे, तिथंच विकायचे.

आपण ज्याला व्हाईट सॉस पास्ता म्हणतो, त्या नावाचा पदार्थ तिथं मेनूवर शोधत बसू नका. दूध-मैद्याचा तो सॉस मुख्यतः लझान्यासारख्या भट्टीत भाजायच्या पदार्थांत जातो. आणि रेड सॉस? टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. तो युरोपात सोळाव्या शतकात आला. पास्ता आणि टोमॅटो यांची जोडी छापील पाककृतींत दिसते ती थेट अठराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी. त्याआधी बड्या घरांत पास्ता कसा खात? चीज, लोणी, वरून साखर आणि दालचिनी. कधी दुधात शिजवून. मंडळी, ही शेवयांची खीरच झाली की!

आता एक तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. १६ एप्रिल १९७२. त्या दिवशी बोलोन्या शहरात ताल्यातेल्ले या पट्ट्यांच्या पास्त्याचं माप तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये अधिकृतपणे नोंदवलं गेलं. शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर. ही रुंदी म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, असंही लिहून ठेवलं. सोन्याची एक पट्टी करून नमुना म्हणून ठेवली. पुढं १९८२ मध्ये त्यावर घालायच्या मांसाच्या रस्स्याची, रागूची, कृतीसुद्धा नोंदवली.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला हे वाचून पहिलं काय वाटलं असेल? यांनी आजीच्या हाताचं स्पेसिफिकेशन लिहून काढलं! पुढच्या माणसानं काय करायचं, कशाशी ताडून पाहायचं, सगळं ठरलेलं.

मार्को पोलोनं काही आणलं नाही

एक गैरसमज काढून टाकू. मार्को पोलोनं चीनहून पास्ता इटलीत आणला, ही गोष्ट शाळेच्या क्विझपासून व्हॉट्सॲपपर्यंत फिरते. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. पण जेनोआच्या एका नोटरीनं १२७९ मध्ये एका मयत माणसाच्या सामानाची यादी केली, त्यात मॅकरोनीनं भरलेली पेटी नोंदवली आहे. त्याच्याही आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रिसी या अरब भूगोलकारानं सिसिलीतल्या त्राबिया गावाबद्दल लिहिलं की इथं 'इत्रिया' म्हणजे गव्हाच्या सुक्या शेवया इतक्या बनतात की जहाजं भरभरून बाहेर जातात. अमेरिकेत मॅकरोनी कारखानदारांचं एक मासिक होतं. त्यात १९२९ मध्ये मार्को पोलोची ही कथा रंगवून छापली गेली, आणि मग ती सुटली ती सुटलीच.

आता आपल्याकडं बघा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, १०२५च्या सुमारास, चावुंडराय नावाच्या लेखकानं कन्नडमध्ये 'लोकोपकार' हा ग्रंथ लिहिला. शेती, पाणी, औषधं, स्वयंपाक, सगळं त्यात आहे. त्या ग्रंथात शेवयांचा, कन्नडमधल्या 'शाविगे'चा, आणि त्या पाडायच्या साच्याचा उल्लेख येतो. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या निलंग्याच्या पलीकडं. मराठवाडा त्याच राज्याचा भाग होता. म्हणजे सिसिलीतल्या त्या नोंदीच्या सव्वाशे वर्षं आधी आपल्या शेजारी शेवयांचा साचा होता.

यावरून "पास्ता आपणच शोधला" असा फॉरवर्ड कृपा करून बनवू नका. गहू, पाणी आणि ऊन जिथं आहे, तिथं माणसानं कणीक वळून वाळवलीच. वाळवलेली वस्तू टिकते, प्रवासाला चालते, पावसाळ्यात उपयोगी पडते. ही गरज एकच होती, म्हणून उत्तरंही सारखी निघाली.

आपला पास्ता, आपल्याच नावानं

किती सारखी? मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, वळवट. हातानं वळून वाळवलेले गव्हाचे प्रकार. गव्हले म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढे, टोकाला निमुळते. इटलीत असाच एक प्रकार आहे, ओर्झो, आणि त्या शब्दाचा अर्थ 'जव'. तिथंही धान्यावरूनच नाव! नखुले नखानं दाबून करतात. ओरेक्येत्ते अंगठ्यानं. फणोल्या फणीवर फिरवून करतात, म्हणजे अंगावर रेघा उमटतात. बोलोन्याच्या बाजूला गार्गानेल्ली नावाचा पास्ता आहे, तोही कंगव्यासारख्या दातेरी फळीवरच वळतात. रेघा कशासाठी? दोन्हीकडं कारण एकच, रस धरून ठेवायला.

आणि आता माझा लाडका, सरगुंडे. घट्ट कणकेची बारीक दोरी करायची, काडीवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची, काडी अलगद ओढून काढायची. वाळवायचे. खाताना उकडून आमरसासोबत. आता सिसिलीतल्या त्रापानीला जा. तिथं बूसियाते मिळतो. कणकेची दोरी, बारीक दांडी, गुंडाळणे, ओढून काढणे. तिथं वरून बदाम-टोमॅटोची चटणी, इथं केशर आंब्याचा रस. हाताची हालचाल तीच.

रस्सेदार प्रकार तर विचारू नका. वरणफळं म्हणजे वरणात सोडलेले कणकेचे तुकडे. आमच्याकडं काही घरांत चकोल्या म्हणतात. इटलीत घेवड्याच्या दाण्यांच्या रश्शात पास्ता शिजवतात, गरिबाघरचं जेवण म्हणून. उकडशेंगोळे म्हणजे ज्वारीच्या पिठात लसूण-तिखट घालून बोटाएवढ्या वळकट्या करायच्या आणि झणझणीत रश्शात उकळायच्या. यात गव्हाचा हट्टच नाही, मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत जे पिकतं तेच वळायचं.

आणि शेवया एकट्या एका घराच्या नाहीत. नागपंचमीच्या आसपास गूळ-दुधाची खीर, ईदला शीरखुर्मा. रमजानात परभणीच्या बाजारात शेवयांचे ढीग लागतात. एकाच गव्हाचा धागा, दोन्ही घरांत सणाला.

मराठी माणसं इटलीत गेली तेव्हा

मराठी माणूस आणि इटली यांची भेट काही मॉलमध्ये झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी १९४३ ते १९४५ इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मारले गेले. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीकाठी गोळीबारात जखमी सोबत्यांना उचलून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडगे यांचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात.

ही पोरं कुठल्या मुलखातून चालली, ते बघा. उंब्रियात शेतकऱ्याघरी आजही नुसत्या पिठा-पाण्याची, अंड्याशिवायची, हातानं लांबवलेली जाड शेवई करतात. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांतून गेलेल्या शिपायाला त्या अंगणातलं वाळवण काही परकं वाटलं नसेल, एवढं मी म्हणेन.

खरी गोष्ट गव्हाची

आता थोडं विज्ञान. इटलीत १९६७चा कायदा आहे : सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. ड्युरम म्हणजे कडक. हा गहू दळला की पीठ होण्याआधी पिवळसर रवा पडतो. त्यात प्रथिनं भरपूर, पण त्याची कणीक रबरासारखी ताणून मागं येत नाही. वळलेला आकार तसाच राहतो, आणि शिजताना चिकट लगदा होत नाही.

मराठीत या गव्हाला नाव आहे, बन्सी. गावातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात, पोळीला मऊ गहू, शेवयाला बन्सी. त्यांनी कुठला कायदा वाचला नव्हता. पण शेवया भांड्यात एकमेकीला चिकटल्या तर गहू चुकला, हे त्यांना ठाऊक होतं. बन्सी हा कोरडवाहू गहू. काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून ठेवलेली असते, तेवढ्यावर तो निघायचा.

मग बन्सी गेला कुठं? साठच्या दशकाच्या शेवटी कल्याणसोना, सोनालिका असे बुटके, जास्त उतारा देणारे गहू आले, पुढं लोक-१ आला. यांना पाणी आणि खत हवं. त्याच काळात पूर्णा नदीवर आमचं येलदरी धरण झालं, १९६८ मध्ये. पाणी येलदरीत साठतं, वीज तिथंच तयार होते, क्षमता २२.५ मेगावॅट. कालवे खाली सिद्धेश्वर धरणावरून निघतात. पाणी आलं तिथं पीक बदललं. यात वाईट काही नाही. पोटाला आधी लागतं.

आणि आता ती तारीख आठवा. १९७२. बोलोन्यात सोन्याची पट्टी मोजली जात होती, ते साल. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात असा दुष्काळ पडला की आजही आमच्याकडं घरात अन्न टाकलं की "बहात्तर पाहिलं नाही तुम्ही" असं ऐकावं लागतं. माणसं खडी फोडायला गेली. खायला परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. जिथं दोन वेळची भाकर नव्हती तिथं सरगुंड्याची लांबी कोण मोजणार? परंपरा लिहून ठेवायलाही पोट भरलेलं लागतं. म्हणून मी "आपल्या लोकांनी जपलं नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी नाही.

गव्हाची गोष्ट मात्र पूर्ण संपलेली नाही. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रानं पंचवटी आणि गोदावरी हे बन्सी वाण दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस ४०२८ हा जिरायती बन्सी वाण काढला, साधारण १०२ दिवसांत येणारा, १४ टक्क्यांहून जास्त प्रथिनं असलेला. म्हणजे पास्त्याला लागणारा गहू इथं, याच मातीत, आजही पिकू शकतो.

यंत्र दोन्हीकडं आलं, मग फरक कुठं पडला?

नेपल्सच्या लोकांना एके काळी 'पाला खाणारे' म्हणायचे. सतराव्या शतकात तिथं कणीक मळायची आणि दाबून पाडायची यंत्रं वापरात आली, पास्ता स्वस्त झाला, आणि लोकांचं टोपणनाव झालं 'मॅकरोनी खाणारे'. जवळच्या ग्रान्यानो गावात भर रस्त्यावर काठ्यांवर पास्ता वाळत घालायचे, कारण डोंगर आणि समुद्र यांच्या मधली हवा त्याला मानवायची. २०१३ मध्ये त्या गावाच्या पास्त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं.

आमच्याकडंही यंत्र आलं. आधी पाटावरच्या शेवया होत्या. खाचा असलेला लाकडी पाट बाजेला तिरका टेकवायचा, एकीनं तळव्यानं कणीक रेटायची, दुसरीनं खाली सुटणारे धागे झेलायचे, तिसरीनं काठीवर टाकायचे. एकटीचं काम नव्हतंच ते. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. मग हातानं फिरवायचं पितळी यंत्र आलं. मग विजेचं. आता उन्हाळ्यात गावात एखादीकडं मोटरवर चालणारं मशीन असतं, आपण रवा न्यायचा, किलोच्या भावानं शेवया पाडून आणायच्या. माझ्या आईचे खांदे यामुळं वाचले. यंत्राला नावं ठेवायचा हक्क ज्यानं पाटावर कणीक रेटली त्यालाच, आणि त्या बायांनी तर यंत्राचं स्वागतच केलं.

मग फरक कुठं पडला? मला वाटतं इथं : तिकडं या कामाला पत्ता, नाव आणि किंमत मिळाली. बारीच्या गल्लीतली बाई पास्ता विकते, तिच्या हाताचे पैसे होतात. ग्रान्यानोचं नाव पाकिटावर येतं. आपल्याकडं हेच काम 'उन्हाळी वाळवण' म्हणून घरातल्या घरात राहिलं. रुखवतात मांडायचं, पाहुण्यांनी कौतुक करायचं, संपलं. कामाचा मोबदला नाही, म्हणून पुढच्या पिढीतल्या पोरींनी ते शिकायचं कारण नाही. त्यांनी का शिकावं? शेवया मशीननं वाचवल्या. सरगुंडे, फणोल्या, नखुले मशीनवर होत नाहीत आणि बाजारात कुणी मागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड चालू आहे, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि जे दोन-तीन जण तो सांभाळतात ते सत्तरीच्या पुढं आहेत.

मागच्या मे महिन्यात मी आजीला म्हणालो, माय, कणीक किती घट्ट ते सांग, मी लिहून घेतो. ती म्हणाली, "कानाच्या पाळीवाणी." मी मोबाईलवर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला. काडी कुठल्या जाडीची, दोरी किती बारीक, सावलीत किती वेळ आणि उन्हात किती, सगळं बोलून घेतलं. गंमत म्हणजे इटलीतल्या जुन्या बाया ताज्या कणकेचा मऊपणा सांगताना कानाच्या पाळीचीच उपमा देतात. हे मी तिला सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही. "कान सगळ्यांनाच असतेत," म्हणाली.

तर, कुठं खायचं?

आता मूळ प्रश्नाचं उत्तर, सरळ सरळ.

इटलीला गेलात तर देशाचा नाही, शहराचा पास्ता मागा. बोलोन्यात ताल्यातेल्ले, त्रापानीत बूसियाते, बारीत ओरेक्येत्ते. मेनूवर दहा शहरांचे पास्ते असतील तर पुढच्या गल्लीत जा.

पुण्या-मुंबईत इटालियन हॉटेलात गेलात तर दोन गोष्टी विचारा : पास्ता ड्युरमच्या रव्याचा आहे का, आणि हा कुठल्या गावचा पदार्थ? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं तर बसा.

आपला पास्ता हवा असेल तर महिला बचत गटांचे स्टॉल गाठा. मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, पुण्यात डिसेंबरच्या सुमारास भीमथडी जत्रा असते. तिथं शेवया घेताना "सरगुंडे आहेत का, गव्हले आहेत का, बन्सीचे आहेत का" असं मुद्दाम विचारा. नसतील तरी विचारा. चार गिऱ्हाईकांनी विचारलं की पाचव्यासाठी वस्तू टोपलीत येते. आणि भाव करू नका, प्लीज. हॉटेलात पास्त्याच्या एका प्लेटला जे देतो, त्यात इथं किलोभर येतं.

येलदरीला यायचं असेल तर मे महिन्यात या, आंब्याचा रस आणि वाळवण एकाच वेळी असतं तेव्हा. धरणाची भिंत बघा, पूर्णेचं पाणी बघा. फक्त हॉटेलात सरगुंडे मागू नका, मिळायचे नाहीत. ओळखीच्या घरी जावं लागेल.

आणि तुमच्या घरी अजून कुणी वळणारं असेल, तर या उन्हाळ्यात फोन स्टँडला लावा. हात दिसले पाहिजेत, चेहरा नाही दिसला तरी चालेल. प्रकाराचं तुमच्या गावातलं नाव, गहू कुठला, कशासोबत खातात, एवढं बोलून घ्या आणि आपल्याला पाठवा. सगळ्या जिल्ह्यांची नावं जमली की त्यावर एक वेगळा भाग करू. तोवर जेवून घ्या. भेटू पुढच्या भागात.